भार आल्यावर आवळ

पिरनवाडीच्या शेडमध्ये, रताळी निघाली त्या आठवड्यात,
अँबॅसिडरचं नाक दोन लाकडी ठोकळ्यांवर.
पुढची चाकं भिंतीला टेकलेली,
आणि पोत्यावर मांडलेला
गणपतीच्या आधी मीच उघडलेला पसारा.

नट कुंद्याच्या डब्यात, वायसर कुंद्याच्या दुसऱ्या डब्यात.
किंगपिन उद्यमबागेतून घासून आलेले,
बुश नवे, त्यांचा रबराचा वास जेवणापर्यंत येतो.
आणि दोन टॉर्शन बार.
लांब, काळे, एकसारखे.

दिसायला एकसारखे.
तवनाप्पा म्हणाला, "एक डावा, एक उजवा.
पन्नास वर्षं आपापल्या बाजूचा पीळ खाल्लाय त्यांनी.
अदलाबदल केलीस तर चोर्ल्याच्या घाटात
कडकन जाईल एखादा, मग बस बोंबलत."

मी खडूनं लिहिलं होतं, डा आणि उ.
मग मीच हौसेनं काळा रंग मारला.
दोन हात.

तवनाप्पा काही बोलला नाही.
कानावरची बिडी काढली, बघितली, परत कानावर ठेवली.
पॉलिशपेपर घेतला, बारचं टोक मांडीवर,
आणि घासत बसला.
अर्ध्या तासानं रंगाखालून
कारखान्यात ठोकलेलं अक्षर वर आलं.
"एडक्क," तो म्हणाला.
"डावा," मी म्हटलं.
बार एकच होता, दोघांनी मिळून उचलला.

ट्रनियनला उशीर झाला.
उजवीकडचे आटे सुलटे, डावीकडचे उलटे,
हे मला वाचून माहीत, हाताला माहीत नाही.
हात जन्मभर एकाच दिशेनं आवळत आलाय:
नळ, बरणीचं झाकण, आईच्या शिलाई मशीनचा स्क्रू.
"बलक्क नको रे, एडक्क! किती सांगू?"
"मराठीत सांग की."
"मराठीत सांगितलं की तू वाद घालतोस."

पाच वाजता जॅक सोडला.
डावं मडगार्ड दोन बोटं खाली.
गाडी तिरकी, भिंतीपलीकडचं भांडण ऐकत असल्यासारखी.
परत वर. परत बार ओढ, एक दात फिरव, परत घाल.
बोटाची साल गेली, ग्रीसमध्ये कळलीच नाही.
"इन्नू."
"अजून?"
"इन्नू. इन्नू. साकु."

साकु.
घरी ताटावर आडवा हात धरून म्हणायचा शब्द,
इथं पाना खाली ठेवायचा.

मी बुशचे नट आवळायला वाकलो
तर त्यानं मनगट धरलं.
"हवेत लोंबतंय तोवर नाही. भार आल्यावर आवळ.
नाहीतर रबराला वाटतं, लोंबणं हेच आपलं बसणं,
आणि पहिल्या खड्ड्यात फाटतं ते."

भार कुठून आणायचा, दिवेलागणीला?
सातेरीमामांनी रताळ्यांची तीन पोती दिली,
मातीसकट, मागच्या सीटवर.
पुढे त्यांची सून, मांडीवर पोरगं,
शेजारी आई,
चपला दाराबाहेर काढून, पर्स पोटाशी धरून.
स्टिअरिंगवर तवनाप्पा, कारण कुणीतरी बसायला हवं.

मी खाली, पाठीवर, बॅटरी दातांत.
डोक्यावर सगळ्यांचं वजन,
टॉर्शन बार पिळून गप्प,
बुश आपली जागा शोधून बसलेले.
पाना लावला. पाव फेरा. अजून थोडा.

वर बोलणं चाललंय.
सून म्हणते, खानापुरात उतरून चहा घेऊ.
पोरगं तोंडानं हॉर्न वाजवतंय.
आणि आई, शेडच्या बंद दाराकडे बघत:
"काच वर कर गे, जांबोटीचा रस्ता आला,
धूळ येतेय."